अर्धी मिल दवाखान्याची

कण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होता. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला काचपट्टीवर शाईचा ठिपका पडलाय असं वाटलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला घडण होती. एकसारखे गोल उंचवटे, ओळीनं, एकाला एक लागून, मक्याच्या कणसावर दाणे असतात तसे. धानाच्या टरफलाची पाठ अशीच असते. टरफल जळतं, पण त्यातली वाळूच्या जातीची सिलिका जळत नाही, म्हणून कोळसा झाला तरी आकार शाबूत राहतो. या कणाची एक कड मोडली होती आणि मोडलेल्या जागी फुटक्या काचेसारखी धार होती.

अल्का डोंगरेनं काचपट्टी किंचित सरकवली. कणाच्या भोवती बुरशीचे धागे पसरले होते. आरपार दिसणारे, मधे मधे आडव्या भिंती असलेले, फांद्या फुटलेले. एवढे दाट धागे तिनं फार क्वचित पाहिले होते.

गोंदियाच्या कॉलेजात तिनं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर या डोळ्यांच्या दवाखान्याची प्रयोगशाळा तिनं हातात घेतली, आणि शास्त्र कळणारं कोणीतरी पाहिजे म्हणून दवाखान्याच्या ट्रस्टवरही तिला घेतलं. बुबुळाला जखम झालेल्यांसाठी वेगळा वॉर्ड असावा हा हट्ट तिचा. तो वॉर्ड होण्याआधी सालेकशाच्या जंगलातल्या माणसाला नाहीतर केशोरीच्या शेतकऱ्याला नागपूर गाठावं लागे, आणि बरेचजण गाठतच नसत.

शेतात डोळ्याला लागलेलं टरफल पिवळं असतं. कापणी-मळणीच्या दिवसांत तसे डोळे रोज येतात. हा कण काळा होता. काळा म्हणजे बॉयलरमधून उडालेला. धान उकडून उसना तांदूळ काढणाऱ्या मिलमध्ये भुसाच जाळतात आणि त्याची राखड धुराड्यातून, ढिगाऱ्यावरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उडत राहते. अशा मिली आसपास पुष्कळ होत्या. पण नमुन्याच्या डबीवर पेशंटचं गाव कामठा लिहिलं होतं, आणि कामठ्याच्या रस्त्यावर जी उसन्याची मिल होती ती अर्धी याच दवाखान्याची होती.

हे गोंदियात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचा सगळ्यांना अभिमानही होता. शालीकराम बिसेन या मिलमालकानं म्हातारपणी दवाखाना बांधला आणि दवाखान्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून मिलचा अर्धा हिस्सा ट्रस्टच्या नावे करून दिला. उरलेला अर्धा मुलाला, हिरालालला. मिल चालली की दवाखाना चालतो. गरिबांचे मोतीबिंदू त्यावर निघत होते. अल्काचा वॉर्डही त्यावरच उभा होता.

तिनं हात धुतले आणि वॉर्डात गेली.

पेशंटचं नाव दुर्गेश्वरी. तिशी-बत्तिशीची, मिलच्या अंगणात झाडणारी. डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवली होती. नवरा बिसराम पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तो त्याच मिलमध्ये पोती उचलायचा. अल्का आली तसा त्यानं स्टूल पुढे केलं.

"किती दिवस झाले हे?" अल्कानं विचारलं.

"पंधरा-वीस रोज झाले अस्तीन जी," बिसराम म्हणाला. "पन मधात बरा झाला होता."

"बरा झाला होता म्हणजे?"

"लाली गेली ना. दुखनं गेलं. दवाई टाकली तं दोन रोजात साफ. मंग ते कामावर गेली. मंग पुन्हा झालं, पुन्हा टाकली."

"कोणती दवाई?"

बिसरामनं शर्टाच्या खिशातून एक इवलीशी बाटली काढली. "आपल्याच दवाखान्याची आहे जी. मिलच्या पेटीतली. बाहेरचं काई नाही टाकलं. हिची माय म्हने, बाईचं दूध टाक. मी टाकू नाही देल्लं. म्हटलं, शिकलेल्या लोकायची दवाई आहे तं तेच टाकू." तो थोडा थांबला. आपण ठीक केलं असं कोणीतरी म्हणेल याची तो वाट पाहत होता.

बाटलीवर दवाखान्याचा गोल शिक्का होता. अल्कानं चष्मा कपाळावर सारून बारीक अक्षरं वाचली. एक जंतूंवरचं औषध आणि त्यात मिसळलेलं स्टिरॉइड. स्टिरॉइडनं लाली उतरते, टोचणी थांबते. पण लाली म्हणजे डोळ्याची झुंज असते. ती थांबवली की डोळा शांत दिसतो आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. दोन थेंबांत बरं वाटणारं हे औषध बुरशी झालेल्या डोळ्यात टाकणं म्हणजे उंबरठ्यावर आलेल्याला आत घेऊन पाट मांडून देणं.

"बाई," दुर्गेश्वरी म्हणाली. "डोरा काढतीन म्हनतेत. खरं आहे का?"

"डॉक्टर प्रफुल्ल बघतील. औषध बदललंय आपण."

"काढला तं मिलवर घेतीन ना मले? झाडाले काय, एका डोऱ्यानं बी झाडता येते."

अल्कानं बाटली एप्रनच्या खिशात टाकली. "विचारते मी," ती म्हणाली.

"विचारनं कायचं जी," बिसराम बायकोला समजावत म्हणाला. "मिल तं दवाखान्याचीच आहे. बाईचा शब्द मोडन का कोनी? तू काऊन फिकर करून राहिली?"

अल्का बाटली घेऊन प्रयोगशाळेत परत आली.

ती पेटी कुठून आली हे तिला चांगलं आठवत होतं. मागच्या वर्षीच्या बैठकीत तिनं अशाच काळ्या कणांचे फोटो सगळ्यांपुढे ठेवले होते. राखड झाकली पाहिजे, ढिगाऱ्यावर पाणी पाहिजे, नाहीतर ट्रस्टनं या मिलमध्ये राहायचं की नाही ते एकदा ठरवलं पाहिजे, असं ती म्हणाली होती. मग ट्रस्टचे वकील केशोराव म्हणाले होते, "तोवर एक करू. मिलच्या गेटवर डोळ्यांच्या औषधाची पेटी ठेवू. दवाखान्याकडून, फुकट." सगळे मोकळे झाले होते. अल्काही झाली होती. पेटीत काय काय असेल हे औषध भांडारानं ठरवलं. तिनं विचारलं नव्हतं. ते विचारण्याची गरज ज्या एका माणसाला कळायला हवी होती, तो माणूस म्हणजे तीच होती.

दुसऱ्या दिवशी ती मिलवर गेली.

कामठ्याच्या रस्त्यावर दुरूनच बॉयलरचं धुराडं दिसतं. अंगणात उकडलेलं धान वाळत पडलं होतं आणि बाया पायांनी ते फिरवत होत्या. मागच्या बाजूला राखडीचा ढीग, घराएवढा, वरून उघडा. वीटभट्टीचा एक ट्रॅक्टर ट्रॉली भरत उभा होता. फावडं पडलं की काळा ढग उठायचा, हवेत एक क्षण तसाच राहायचा आणि मग अंगणाकडे सरकायचा. बाया ओढणीनं, पदरानं तोंड झाकून होत्या. डोळे मात्र उघडेच, त्याशिवाय काम कसं करणार.

मुनीम केवलराम लगबगीनं पुढे आला. साठीचा, पांढऱ्या शर्टातला, हिरालालजींच्या वडिलांच्या काळापासूनचा माणूस. त्यानं खुर्ची पुसून दिली.

"ढिगाऱ्यावर पाणी मारायला सांगितलं होतं ना, मुनीमजी?"

"मारलं ना मॅडम, चार-आठ रोज मारलं. मग भट्टीवाले म्हनतात, ओली राखड आम्ही नाही नेत. वजन वाढते. पडूनच राहिली. मग काय करता."

"आणि पेटी?"

केवलरामचा चेहरा खुलला. पेटी त्याच्याच टेबलामागच्या भिंतीवर होती, पांढरी, लाल चिन्हाची. "एक नंबर काम झालं ते, मॅडम. आधी डोळ्यात गेलं की बाई दोन रोज घरी बसे. आता थेंब टाकला की तासाभरात पुन्हा कामाले. लोक तर आता डोळ्यात काही जायची वाटच नाही पाहत. सकाळीच टाकून घेतात. मी बी टाकतो ना. रोज संध्याकाळी. थंडक वाटते."

"रोज? कधीपासून?"

"पेटी आली तेव्हापासून. फुकटची आहे म्हणून नाही हां," तो हसला. "खरंच आराम आहे."

एक मजूरबाई चहाचे दोन ग्लास घेऊन आली. एक अल्काच्या हातात दिला, दुसरा केवलरामच्या डाव्या कोपराशी ठेवला. केवलराम काहीतरी सांगायला वळला आणि ग्लास खाली पडून फुटला.

"इथं काऊन ठेवते वं?"

"आनखीन कुठी ठेवू जी? तुमच्या डोक्यावर?" बाई काचा गोळा करायला खाली बसली. "या हप्त्यातला तिसरा आहे मॅडम. मुनीमजीचं लगन ठरलं वाटते, ध्यानच नाही राहत."

आसपासच्या बाया हसल्या. केवलरामही हसला. अल्कानं आपला ग्लास टेबलावर ठेवला.

"मुनीमजी, जरा माझ्या नाकाकडे पाहा. फक्त नाकाकडे. डोळे हलवायचे नाहीत. बोट दिसलं की हो म्हणा."

तिनं उजवा हात लांब बाजूला धरला आणि बोट हळूहळू पुढे आणायला लागली. धड डोळ्याला ते केव्हाच दिसायला हवं होतं. बोट त्याच्या कानापुढे आलं, गालाच्या रेषेत आलं.

"आना ना मॅडम," केवलराम तिच्या नाकाकडे एकटक पाहत म्हणाला. "कुठं आहे बोट?"

तिनं दुसऱ्या बाजूनंही पाहिलं. तिकडेही तेच.

स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने टाकले तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही. कडेचं दिसणं तेवढं विरत जातं, आणि माणसाला वाटतं की लोक हल्ली वस्तू भलत्या जागी ठेवायला लागलेत.

पेटीतल्या सगळ्या बाटल्या तिनं पिशवीत भरल्या. केवलरामला ते आवडलं नाही. "मग लोकायले काय देऊ मॅडम? तुम्हीच देल्ली, तुम्हीच नेऊन राहिले."

"पाण्यानं डोळा धुवायचा आणि दवाखान्यात पाठवायचं. आणि तुम्ही उद्या सकाळी माझ्याकडे यायचं. नक्की."

ज्यांचे डोळे तिला लाल दिसले त्या बायांनाही तिनं या म्हणून सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी केवलराम तेवढा आला, तोही हिरालालजींच्या निरोपामुळे. बाया आल्या नाहीत. दिवसाची मजुरी बुडाली असती.

डॉक्टर प्रफुल्लनं केवलरामला तपासलं. तो ट्रस्टवरचाच तरुण सर्जन होता, पुण्याची नोकरी सोडून आलेला, कमी बोलणारा. केवलराम बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकल्यात. दाब खाली आणू. गेलेलं काही परत यायचं नाही."

"आणि दुर्गेश्वरी?"

"बुबुळ फुटलंय, मॅडम. आता डोळा वाचवायचा नाहीये, संसर्ग डोक्याकडे जाऊ द्यायचा नाहीये." तो हातातली टॉर्च उगाच चालू-बंद करत होता. "बुधवारी सकाळी काढतो."

बुधवारी दुपारी ट्रस्टची बैठक होती.

बैठक दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर, हिरालालजींच्या खोलीत असायची. समोसे यायचे, चहा यायचा. चौघंच विश्वस्त: अध्यक्ष हिरालाल, वकील केशोराव, प्रफुल्ल आणि अल्का. प्रफुल्ल ऑपरेशनहून सरळ आला होता. टोपीची लाल रेघ अजून त्याच्या कपाळावर उमटलेली होती.

या ट्रस्टची एक रीत होती. शालीकरामांना वाचता येत नसे आणि कागदावर त्यांचा भरवसाही नसे. म्हणून त्यांनी घालून दिलं होतं की कोणताही ठराव कोणीतरी उभं राहून, 'मी म्हणतो' असं म्हणून, तोंडानं बोलला पाहिजे. त्यावर कोणी उभं राहून 'नाही' म्हटलं नाही तर तो पक्का. आणि ज्यानं म्हटला त्याच्याच नावानं तो ओळखला जायचा. पाण्याची टाकी म्हणजे केशोरावचा ठराव. दुपारचं जेवण पेशंटसोबतच्या माणसालाही, हा हिरालालचा ठराव. चांगल्या गोष्टींना लोक चटकन उभे राहत. अवघड गोष्ट आली की सगळे बसलेले राहत, आणि कोणीच बोललं नाही की विषय आपोआप पुढच्या बैठकीत जाई. राखडीचा विषय असाच वर्षांमागून वर्षं पुढे जात राहिला होता.

"तर यंदाची भरडाई," हिरालाल म्हणाले. ते सत्तरीचे, जाड भिंगांचे, आवाजानं मऊ. "सरकारचं धान तांदूळ काढायला येऊन राहिलं आहे. दोन्ही भागीदारांचा होकार लागतो. आमच्या घरच्या हिश्श्याचा माझा आहे. ट्रस्टच्या तर्फे कोणीतरी उभं राहून म्हणून टाका, म्हणजे मी कामाला लागतो. समोसा घ्या, डॉक्टर."

"नको," प्रफुल्ल म्हणाला. "आत्ता डोळा काढून आलोय."

मग अल्कानं बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. कण, बुरशी, पेटीतली बाटली. आवाज चढवला नाही, काही गाळलं नाही, पेटी ठेवण्यात आपणही होतो हेही सांगितलं. ती केवलरामचं सांगत असताना हिरालालजींनी हातातला चहा खाली ठेवला.

"दिसेल ना त्याला?"

"समोरचं दिसेल. काही वर्षं."

"मला कधी बोलला नाही तो."

"त्यालाच माहीत नव्हतं."

केशोराव घसा खाकरून म्हणाले, "पेटीतली औषधं आजच बदलून टाकू. चूक झाली, सुधारली. त्यात एवढं काय."

"औषध बदलाल," प्रफुल्ल म्हणाला, "राखड तीच राहणार. तुम्ही कधी बसलात हो त्या अंगणात तासभर, वकीलसाहेब?"

"मी कोर्टात बसतो, डॉक्टर. तिथली धूळ वेगळी." केशोरावांनी खुर्ची पुढे ओढली. "बरं, मग दुसरं सांगतो. हिस्साच विकून टाकू. पैसा बँकेत ठेवू. व्याज कमी येईल, पण उद्या कोणी बोट दाखवायला नको की डोळ्यांच्या दवाखान्याचा पैसा डोळे फोडणाऱ्या मिलमध्ये. हिरालालजींचा पुतण्या भुपेंद्र घ्यायला तयार आहे. परवानगी मी आणतो. हात धुऊन मोकळे."

अल्कानं हिरालालजींकडे पाहिलं. "भुपेंद्र राखड झाकतील?"

हिरालाल हसले, पण ते हसणं लांबलं नाही. "भुपेंद्र? तो तर म्हणतो, काका, मागची भिंत बी पाडा, बॉयलरला हवा लागली पाहिजे."

"म्हणजे राखड तेवढीच उडणार," ती म्हणाली. "फक्त आपली नसणार."

"कायद्याच्या भाषेत तेच महत्त्वाचं असतं, मॅडम," केशोराव म्हणाले. ते चिडलेले नव्हते, समजावत होते.

"आज निदान आपण अर्धे मालक आहोत. आपण नाही म्हटलं तर भरडाई होत नाही. हिस्सा विकला की नाही म्हणायलाही कोणी उरत नाही."

हिरालालजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देखो मॅडम. तुम्ही काय म्हणता ते मला आजच कळलं असं नाही. राखडीला बंद कोठी पाहिजे, धुराड्याला गाळणी पाहिजे, ओली राखड उचलायचा बंदोबस्त पाहिजे. ते करायचं तर बॉयलर अख्खा हंगाम बंद. माझ्या घरचं मी पाहून घेईन, पोरं बोंबलतील, बोंबलू द्या. पण दवाखान्याच्या हिश्श्याचं काय येणार? काहीच नाही. वरून कोठीचा अर्धा खर्च. मोतीबिंदू आपण देणग्यांवर कसेबसे ओढू. तुमचा वॉर्ड नाही ओढता येत. औषध महाग, पेशंट महिना महिना पडून. पहिला तोच बंद होतो. आणि बंद झालेलं पुन्हा सुरू होतं, असं मी तरी गोंदियात पाहिलं नाही."

प्रफुल्लनं खाली पाहिलं. त्यालाही हे ठाऊक होतं.

"आणि मिलवरची माणसं हंगामभर घरी," हिरालाल पुढे म्हणाले. "जिचा डोळा गेला तिचा नवरा बी आपल्याच मिलवर आहे ना?"

"हो."

"मग त्याला काय सांगणार?"

दुर्गेश्वरीला अल्का म्हणाली होती, विचारते. मिलवर घेतील का, एवढंच विचारायचं होतं. आता मिलच चालणार की नाही, हे तिच्या शब्दावर आलं होतं.

हा हिशेब तिनं मनात पुष्कळदा मांडला होता. वॉर्डात येणाऱ्यांत पिवळ्या टरफलाचे डोळे काळ्या कणाच्या डोळ्यांहून कितीतरी जास्त होते. शेतातली माणसं, जंगलातली माणसं, मिलशी संबंध नसलेली. वॉर्ड बंद झाला तर ते डोळे जाणार, आणि कोणाचे, हेही तिला जवळजवळ सांगता आलं असतं. एका पारड्यात ते, दुसऱ्यात राखडीचे थोडे. दरवर्षी पारडं एकाच बाजूला झुकायचं, आणि दरवर्षी ती बसून राहायची. त्याला ती संयम म्हणायची.

मिलवरून परत येताना तिला त्या हिशेबातली खोट दिसली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना जी टाळायला ती शिकवत आली तीच खोट. तिनं वॉर्डात आलेले डोळे मोजले होते. न आलेले मोजलेच नव्हते. सकाळी थेंब टाकून कामाला लागणाऱ्या बाया, बोलावूनही न आलेल्या, ग्लास फोडून हसणारा मुनीम. ते कधी तिच्या काचपट्टीवर आलेच नव्हते, आणि जे काचपट्टीवर येत नाही ते नाही, असं धरून ती इतकी वर्षं बेरीज करत होती. ते किती होते हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. कदाचित थोडेच असतील. कदाचित वॉर्डात आलेल्या सगळ्यांहून जास्त असतील. हे माहीत नसताना पारडं कुठे झुकतं हे ती कोणत्या तोंडानं सांगत होती?

आणि बेरीज काहीही येवो, एक गोष्ट त्या बेरजेच्या बाहेर उरत होती. पिवळं टरफल कोणी कोणाच्या डोळ्यात घातलेलं नसतं. काळे कण मात्र दवाखानाच उडवत होता आणि दवाखानाच काढत होता. काढायला पैसा हवा म्हणून उडवत होता.

"मॅडम," प्रफुल्ल हळूच म्हणाला, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात, "तुम्ही बोलू नका. बोलायचंच असेल तर मी बोलतो. वॉर्ड तुम्ही उभा केलाय. उद्या अख्खं गाव म्हणेल, अल्काबाईंनी बंद केला. केशोरीहून डोळा घेऊन कोणी आलं आणि परत गेलं तर तुमचंच नाव घेत जाईल."

"तुमचं घेतलं तर बरं दिसेल का?"

"मी नागपूरला जाऊ शकतो. तुम्हाला इथंच राहायचंय."

"म्हणून तर," ती म्हणाली.

खाली वॉर्डात कोणीतरी बिसरामला हाक मारत होतं, बायको शुद्धीवर आली म्हणून. जिन्यावरून चपलांचा आवाज धावत गेला. केशोरावांनी पेनाला टोपण लावलं. ही त्यांची सवय होती. टोपण लागलं की विषय पुढे गेला असं सगळे समजत.

"म्हणणार कोणी काही?" हिरालालजींनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण ते कोणाकडे पाहत नव्हते. "भरडाई घ्यावी असं तरी म्हणा. नाहीतर राहू द्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू."

प्रफुल्लनं उठायला खुर्चीच्या हातावर हात टेकवला. अल्कानं त्याच्या मनगटावर आपला हात ठेवून त्याला बसवलं आणि स्वतः उभी राहिली. गुडघा दुखला, टेबलाचा आधार घ्यावा लागला. केशोरावांनी पेन पुन्हा उघडलं नाही. ते तिच्याकडे बघत राहिले.

"मी म्हणते," ती म्हणाली, आणि आपला आवाज स्थिर आहे याचं तिला थोडं नवल वाटलं. "यंदा भरडाई घ्यायची नाही. राखड झाकली जाईपर्यंत बॉयलर पेटणार नाही, आणि त्यापायी बुबुळाचा वॉर्ड बंद होतो, तो मी बंद करते."